कार्तिकाचा तिरपा उजेड

आश्विन सरत आला की ऊन वाकायला लागतं. उन्हाळाभर डोक्यावर उभं असलेलं ऊन आता खिडकीतून आत शिरतं, खाटेखालून सरपटत जातं आणि समोरच्या भिंतीवर चढतं. नागपुरातल्या माझ्या या खोलीत दुपार कलली की ते टेबलावर येतं, आणि वर्षभर न दिसलेले टेबलावरचे सगळे ओरखडे एकदम वर येतात. मी हातातलं काम ठेवून बघत बसतो. दर वर्षी असंच होतं. दर वर्षी त्या ओरखड्यांतून मला गडचिरोलीकडचं ते कार्तिकातलं घर दिसायला लागतं.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे. तेव्हा सगळा मिळून एकच चांदा जिल्हा होता. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जंगलाच्या काठाला, लाकडाचा एक डेपो होता. तिथे मी कारकून होतो. सागाचे ओंडके मोजायचे, त्यांच्यावर खुणा करायच्या, गाड्या भरून रवाना करायच्या. डेपोच्या मागे कौलारू खोल्यांची ओळ होती. त्यातल्या शेवटच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको सिंधू राहायचो. आम्हाला मूलबाळ नव्हतं. वीज तर आसपासच्या कुठल्याच गावात नव्हती.

आमच्याकडे एक चमत्कारिक यंत्र होतं. एक साहेब बदलून जाताना त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात मी ते घेतलं होतं. दिसायला शिवणयंत्रासारखं, खाली तसंच पायडल. पण सुईच्या जागी दोऱ्याइतकं बारीक करवतीचं पातं. पायडल मारलं की पातं जागच्या जागी वरखाली व्हायचं आणि आपण त्याच्यासमोर फळी फिरवत न्यायची. नक्षी, जाळी, वेलबुट्टी, काय हवं ते कापून निघायचं. नक्षी सिंधू काढायची, कापायचो मी. तिला कागद आवडत नसे. तासून गुळगुळीत केलेल्या फळीवर ती सरळ शिसपेन्सिलीनेच काढायची. म्हणायची, "कागदावरचं लाकडावर आणलं की अर्धं वाटेत सांडतं."

एका उन्हाळ्याच्या सुरुवातीला गावच्या पाटलांनी एक काम सांगितलं होतं. गावाला रेडिओ मिळणार होता, बॅटरीवर चालणारा. तो चावडीत ठेवायचा, तर उंदीर, धूळ आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांपासून जपायला कुलपाची पेटी हवी. पेटी गावचा सुतार करणार होता. तिच्या तोंडाला लावायची जाळी आम्ही करून द्यायची. सिंधू हरखली. गावात कुणीच रेडिओ बघितलेला नव्हता, आणि त्याचं तोंड कसं असावं हे तिने ठरवायचं होतं. तिने मोहाच्या फांद्या काढायला घेतल्या. फांद्यांवर हरियालांची जोडी. जंगलातले हे हिरवे पारवे तिला फार आवडायचे. झाडावर बसले की पानांत असे मिसळतात की उडेपर्यंत दिसत नाहीत.

चैत्रात तिला हिवताप लागला. एक दिवस ताप, एक दिवस उतार. उताराच्या दिवशी ती भिंतीला टेकून, मांडीवर फळी घेऊन बसायची. पुढे पुढे तापाच्या दिवशीही बसायला लागली. वैशाखात आम्ही तिला बैलगाडीने गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. तिथून मी एकटाच परत आलो.

पावसाळाभर ती फळी भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी ती वळवली नाही. डेपोत जायचो, यायचो, भात शिजवायचो. नदीनाल्यांनी रस्ते बंद झाले, गाड्या थांबल्या, डेपोत काम उरलं नाही. मग नुसता पाऊस ऐकत बसायचो. घरात बोलायला कुणी नसलं की माणूस भांडी जरा जोरात ठेवायला लागतो, हे मला त्या पावसाळ्यात कळलं.

दसऱ्याच्या सुमाराला पाटील डेपोवर आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "बाबूजी, सांगाव की नाई, समजून नाई राह्यलं. रेडू येऊन राह्यला दिवाळीच्या मागंपुढं. पेटी तयार आहे. तुमाच्यानं होत नसन तर तसंच सांगा. साधी पट्टी मारून घेऊ तोंडाले."

मी म्हणालो, "होईल. मी करतो."

त्या दिवशी दिवेलागणीला मी फळी सरळ केली, यंत्रावर ठेवली, शेजारी कंदील ठेवला, आणि मला काहीच दिसलं नाही. सागाचा रंग तपकिरी, त्यावर पेन्सिलीची करडी रेघ, तीही आजारी हातांनी अलगद काढलेली. नुसती कोरी फळी समोर आहे असं वाटत होतं. डोळे चोळले. वाटलं, चाळिशी लागली. ती लागलीच होती म्हणा. पण त्याच वर्षीच्या चैत्रापर्यंत मी याच यंत्रावर, याच कंदिलाच्या उजेडात, याहून बारीक कामं केली होती. मग आता काय झालं?

बराच वेळ तसाच बसलो तेव्हा ध्यानात आलं. तेव्हा कंदील ठेवलेला नसायचा. तो सिंधूच्या हातात असायचा. मी कापत असताना ती शेजारच्या स्टुलावर बसून कंदील धरायची. पातं वळणावर आलं की कंदील जरा खाली यायचा, माझ्या मनगटाची सावली रेघेवर पडली की तो पलीकडे जायचा. तिने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. आपल्याला उत्तम दिसतं असंच मी समजत आलो होतो.

आता तो कंदील एकाच जागी ठेवायचा होता. ती जागा कोणती, हे मला माहीत नव्हतं.

मग मी एक एक जागा करून बघायला लागलो. कंदील उजवीकडे ठेवला तर माझ्याच हाताची सावली नेमकी पात्यावर. डावीकडे ठेवला तर यंत्राच्या लोखंडी बाहीची सावली. वर वाशाला टांगला तर त्याच्या बुडाचा काळा गोल फळीवर पडायचा, आणि उरलेल्या उजेडात रेघ पार विरघळून जायची. दोन्ही बाजूंना रॉकेलच्या दोन चिमण्या पेटवून ठेवल्या. आता सावल्याही दोन झाल्या. एका पात्याच्या दोन काळ्या रेघा, त्यांतली खरी कुठली ते कळेना. डेपोतली गॅसबत्ती आणून लावली. तिने खोली पांढरीफटक केली, डोळ्यांवर मारा केला, कानाशी सू सू लावली, आणि धानातले हिरवे तुडतुडे बोलावले. दिवाळीच्या तोंडावर ते तिकडे झुंडीने येतात. फळीवर, मानेवर, पापण्यांवर. मी बत्ती विझवली आणि अंधारात बसून राहिलो.

शेजारच्या खोल्यांत चंद्रभागाबाई राहायच्या. त्यांचा नवरा जंगलखात्यात नाकेदार, आठवड्याचे बरेच दिवस बाहेरच. त्या सिंधूपेक्षा मोठ्या, पण दोघींचं मेतकूट होतं. त्या संध्याकाळी झाकलेली ताटली घेऊन दारात आल्या.

"भाऊ, अंधारात काऊन बसून राह्यले?"

"किडे फार झाले."

"किडे तं येतेतच. धान पिकलं ना." ताटली त्यांनी आत सरकवली. फळीकडे बघितलं. उंबरठ्याच्या आत मात्र आल्या नाहीत. "सिंधूबाई कंदील धरे. मी पाहो ना खिडकीतून." मग म्हणाल्या, "मी धरू का?"

त्यांनी किती मायेने विचारलं हे मला कळत होतं. पण स्टुलावर दुसरं कुणी बसलेलं मला चाललं नसतं. मी म्हणालो, "नको. मी दिवसाउजेडी करीन."

"तसं तं तसं," म्हणत त्या गेल्या.

तोंडाला येईल ते बोललो होतो, पण त्यातून वाट निघाली. पुढच्या रविवारी मी फळी घेऊन घरभर हिंडलो. दारात नेली, ओट्यावर नेली, मागच्या अंगणात नेली. उघड्यावर ढीगभर उजेड होता, तरी रेघ दिसत नव्हती. सगळीकडून सारखा उजेड आला की पेन्सिल लाकडात बुडते. असं करत दुपार कलली. फळी आडवी धरून मी पश्चिमेच्या खिडकीसमोरून जात होतो आणि एकाएकी सगळी नक्षी चमकून उठली. रेघांना चांदीचा मुलामा दिल्यासारखी. पानं, देठ, पाखरांचे डोळे. मी जागच्या जागी थांबलो. जरा वळलो तर गेली. परत आलो तर आली.

पेन्सिलीच्या शिशाला झळाळी असते. उजेड समोरून, कमी उंचीवरून, तिरपा आला तरच ती डोळ्यांत उतरते. उन्हाळ्यात या खिडकीवर सागाच्या ओंडक्यांच्या थप्पीची सावली असायची. कार्तिकाच्या तोंडावर सूर्य दक्षिणेकडे सरकला तसं दोन थप्प्यांमधल्या फटीतून ऊन थेट आत यायला लागलं होतं. मी यंत्र ओढत खिडकीशी नेलं, खिडकी समोर आणि किंचित डावीकडे राहील असं लावलं. उजव्या अंगाला दोरीवर एक धुतलेलं धोतर टांगलं, म्हणजे त्याच्यावरून परतलेला उजेड हाताच्या सावलीत झिरपावा. आधी तिथे आरसा लावून बघितला होता, तर डोळेच दिपले. धोतर बरं. आजही मला कुणी विचारलं की बारीक कामाला दिवा कसा घ्यावा, तर मी सांगतो, मोठा घेऊ नका, वाकणारा घ्या. आधी कामाभोवती फिरवून बघा. रेघ कुठून बोलते ते तीच सांगेल.

उजेडाचं जमलं, तरी डोळे अपुरे पडत होते. डेपोच्या कामाने चांद्याला गेलो तेव्हा एका घड्याळजीकडून डोळ्याला लावायचं भिंग आणलं. तो भला माणूस, त्याने स्वतःचं जास्तीचं देऊ केलं. घरी येऊन लावलं तर रेघ दोरखंडाएवढी दिसली. पण नाक पात्याला लागेल इतकं जवळ वाकावं लागत होतं. दुसरा डोळा मिटलेला, त्यामुळे पातं किती लांब आहे याचा अंदाजच येईना. लाकडाचा भुसा डोळ्यात, मान आखडलेली, थोड्याच वेळात कपाळ ठणकायला लागलं. एका फुटक्या लाकडी पट्टीवर करून बघितलं ते सुदैव. पट्टी वाकडी कापली गेली.

पुढच्या खेपेला मी तीच पट्टी पिशवीत घालून नेली. घड्याळजीच्या खणातली सगळी भिंगं दुकानाच्या दारात, उजेडाला धरून पाहिली. शेवटी वर्तमानपत्र वाचायचं एक तळहाताएवढं भिंग घेतलं. फार मोठं दाखवत नव्हतं. पण भिंग आणि फळी यांच्यात वीतभर जागा राहत होती, हात मोकळे फिरत होते आणि दोन्ही डोळ्यांनी बघता येत होतं. बांबूची कामटी वाकवून मी त्याला मान केली आणि ते यंत्राला बांधलं. एक मात्र शिकावं लागलं. भिंगाच्या कडेतून तिरपं पाहिलं तर रेघ आपली जागा सोडते. नेहमी मधोमध, सरळ खाली पाहायचं.

आणि मग मी सरळ खाली पाहिलं.

तोपर्यंत मला रेघ दिसायला हवी होती, इतकंच. आता भिंगाखाली रेघ काढणारा हात दिसायला लागला. काही पानांच्या कडा एका दमात ओढलेल्या, ठाम, टोकाशी पेन्सिल हलकी उचललेली. ते उताराचे दिवस. काही पानांच्या कडा थरथरत गेलेल्या, मध्येच थांबलेल्या, पुन्हा जोडलेल्या. ते तापाचे. एक पान ठाम, दुसरं थरथरतं, तिसरं ठाम. तिचा सगळा चैत्र त्या फळीवर क्रमाने लिहिलेला होता, आणि मी तो तेव्हा शेजारी बसूनही नीट पाहिलेला नव्हता.

या कामातली अवघड गोष्ट अशी की पातं रेघेवरूनच जातं. जिथून ते गेलं तिथे रेघ उरत नाही, भुसा होऊन खाली पडते. ही फळी कापायची म्हणजे तिच्या हातची शेवटची रेघ स्वतःच्या पायाने, स्वतःच्या हाताने पुसत जायचं. न कापावी तर ती तशीच करडी, कुणाला न दिसणारी, भिंतीला टेकून राहणार. कितीदा मी पायडलवर पाय ठेवला आणि काढला. शेवटी पाटलांना दिलेला शब्द कामी आला. आपण होऊन मी ते केलं असतं असं वाटत नाही.

रोज डेपोतून आलो की ऊन जाईपर्यंतचाच वेळ मिळायचा. थरथरत्या कडा सरळ कराव्यात असा मोह व्हायचा. भिंगाखाली त्या फारच केविलवाण्या दिसायच्या. एकदा तर सरळ करायला पातं वळवलंही होतं. मग भिंग बाजूला करून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. मोहाच्या पानाची कड वाऱ्यात जरा मुरडलेली दिसत होती, बस. मी ती तशीच कापली. रेघ जशी थरथरली तशी फळी थरथरवत गेलो.

एके दिवशी दुपार कलल्यावर डेपोतून जेवायला आलो तर घरात जळका वास. चूल तर विझलेली होती. यंत्राकडे धावलो. भिंग फळीवर तसंच राहिलं होतं, खिडकीतून ऊन त्याच्यावर पडलं होतं, आणि खाली एका पानाच्या कडेला गव्हाएवढा काळा डाग पडून त्यातून धुराची बारीक रेघ निघत होती. मी तळहाताने दाबलं. हात भाजला. पान थरथरत्यांपैकी होतं. मी खाली बसलो आणि वैशाखात जे रडलो नव्हतो ते तेव्हा रडलो. भिंतीपलीकडे चंद्रभागाबाईंचं उखळ चालू होतं, ते थांबलं. बराच वेळ थांबलेलं राहिलं. त्या आल्या नाहीत, हाक मारली नाही. माझं थांबल्यावर उखळ पुन्हा सुरू झालं.

त्या दिवसापासून काम संपलं की भिंगावर टोपी घालायचो आणि खिडकीला पातळ फडकं लावायचो. फडक्यातून गाळून आलेला उजेड उलट जास्त गुणाचा निघाला. डाग मात्र राहिला. तासला असता तर पान गेलं असतं.

सगळ्यात शेवटी पाखरं उरली. एकाचे पाय फांदीला घट्ट धरलेले. दुसऱ्याचं अंग पुरं झालं होतं, डोळा होता, शेपटी होती, पाय नव्हते. पोटाखाली रेघ आली होती आणि थांबली होती. भिंग खालीवर करून, खिडकीचं फडकं काढून, लावून, मी किती तरी वेळ शोधलं. कुठेतरी पुसट खूण असेल म्हणून. नव्हती. आणि जाळीच्या कामात पाखराला फांदीचा आधार नसला तर कापताक्षणी ते सुटून हातात येतं.

मी पेन्सिल घेतली. आयुष्यात कधी चित्र काढलं नव्हतं. पोटापासून फांदीपर्यंत दोन आखूड रेघा ओढल्या आणि तेवढं लाकूड न कापता ठेवलं. नीट पाहिलं तर ते पाय वाटत नाहीत, काटकी वाटते. पण पाखरू त्यावर टेकलं.

आता इथे नागपुरात माझ्याकडे विजेचा दिवा आहे, मान वाकवता येणारा, भिंगाच्या कडेनेच लागणारा. सावली पडत नाही, ऊन लागत नाही, किडे येत नाहीत. पुतण्याने आणून दिला. खरंच चांगला आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. कधी कधी संध्याकाळी दिवा न लावता बसतो, तेव्हा पुतण्याची बायको आत येऊन बटण दाबते आणि म्हणते, "काका, डोळे खराब होतील." मी हो म्हणतो.

त्या वर्षी रेडिओ दिवाळी होऊन गेल्यावर आला. धानाची कापणी जोरात होती, बांध्यांमधून भारे खळ्यावर चालले होते, तरी संध्याकाळी सगळं गाव चावडीसमोर जमलं. बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला. जंगलाकडच्या वस्तीवरचे गोंडही आले होते. पेटीला जाळी बसवली होती. पाटलांनी मला पुढे बोलावलं, पण मी मागे, चावडीच्या खांबापाशी बसलो. मला त्या जाळीकडे समोरून बघवत नव्हतं.

खरखर झाली, शिट्टी झाली, आणि पाखरांच्या मधल्या फटींतून माणसाचा आवाज आला. सगळ्यांनी माना पुढे केल्या. मग कुजबुज सुरू झाली.

"आयकू नाई येऊन राह्यलं."

"दबून येते आवाज."

एक जण उठून पेटीला कान लावून आला. "पाटील, हे जाळी बम बारीक आहे. आवाज अंदरच अटकून राह्यला."

"काढून टाका ना मंग," कुणी तरी म्हणालं.

पाटील अवघडले. मागे वळून मला शोधत म्हणाले, "बाबूजी, पायजेन तं छेदं थोडे मोठे करता येतीन का?"

त्यांचं चूक नव्हतं. गावाला रेडिओ ऐकायचा होता. हो म्हणावं लागणार हे मला दिसत होतं. पेटी घरी न्यायची, पातं पुन्हा लावायचं, आणि तिने काढलेल्या कडांच्या आतून माझ्या कडा काढायच्या.

तेवढ्यात बायांमधून चंद्रभागाबाईंचा आवाज आला, चांगला खणखणीत. "काऊन काढता? येवढ्या दूर बसले तं आयकू येईन कसं? जवळ सरका ना."

कुणी तरी हसलं. कुणी तरी सरकलं. मग घोंगड्या, चटया ओढल्याचा आवाज झाला आणि सगळी माणसं पेटीकडे सरकली. जागा कमी पडली तसे गुडघे गुडघ्यांना लागले. आवाज आता ऐकू येत होता. जाळीबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही.

मी खांबापाशीच होतो. चंद्रभागाबाईंनी मान वळवली. "भाऊ, तुमी बी. तिथी कायले बसून राह्यले?"

मी उठलो आणि त्या माणसांतून वाट काढत पुढे गेलो. एका म्हाताऱ्याने पेटीवरची नजर न काढता मांडी आवरून जागा केली. त्याच्या अंगाला धानाच्या नव्या तणसाचा वास येत होता. मी बसलो. कुठल्या तरी लांबच्या बाजारातले कापसाचे भाव चालले होते, आणि आम्ही सगळे ते मन लावून ऐकत होतो.